नळ बंद आहे, पण पाणी पोहोचते आहे का?

वाचकांचे पत्र (संक्षेपाने): माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, निवृत्त शिक्षक असून ६९ वर्षांचे आहेत. आम्ही कोथरूडला राहतो. गेल्या पाच महिन्यांत तीन वेळा त्यांचा डावा हात एकाएकी थरथरू लागला आणि मग दोन-तीन मिनिटे लुळा पडला. एकदा पर्वती चढताना, दोनदा पहाटे अंथरुणातून उठून उभे राहताना. प्रथम कंपवात वाटला, मग फिट असेल म्हणून ईईजी काढला, तो चांगला आला. शेवटी एमआरआय आणि अँजिओग्राफीत मानेतली उजवी कॅरोटिड रक्तवाहिनी पूर्ण बंद असल्याचे कळले. मेंदूत मात्र दोन-तीन बारीक ठिपक्यांपलीकडे काही नाही. आता न्यूरॉलॉजिस्टांनी ‘डायमॉक्स देऊन ब्रेन स्पेक्ट’ (मेंदूतल्या रक्तप्रवाहाचे किरणोत्सारी द्रव्याने काढलेले चित्र) करायला सांगितले असून पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली आहे. एवढा एमआरआय झाल्यावर ही न्यूक्लिअर तपासणी कशाला? अमेरिकेतले दीर म्हणतात, वेळ घालवू नका, बायपास करून टाका. शेजारचे काका म्हणतात, करायचेच तर पेट स्कॅन करा. माझी नणंद सातव्या महिन्यात असून बाळंतपणासाठी आमच्याकडे आली आहे, त्यामुळे किरणोत्साराची धास्ती वाटते. अण्णांचा हट्ट असा की आषाढी वारीत आळंदी ते पुणे हा टप्पा पायी चालायचाच. काय करावे?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आपण जाता जाता लिहून गेला आहात. अण्णांचा हात थरथरला तो पर्वती चढताना आणि झोपेतून उठून उभे राहताना. बसून वर्तमानपत्र वाचताना तो कधीच थरथरला नाही. हा तपशील आपण न्यूरॉलॉजिस्टांना सांगितला नसेल तर आजच सांगा. सांगितला असेल तर त्यांनी ही तपासणी का सुचवली, हे माझ्या मते त्यातूनच उलगडते.

मेंदूला तात्पुरता झटका बसण्याच्या वाटा मुख्यतः दोन आहेत. एक म्हणजे अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून गुठळीचा कण सुटतो, मेंदूतल्या बारीक वाहिनीत अडकतो आणि थोड्या वेळाने विरघळून जातो. दुसरी वाट त्या मानाने कमी आढळते, आणि ती म्हणजे रक्ताचा दाबच अपुरा पडणे. कण कुठेही अडकलेला नसतो; परंतु मोठी नळी बंद असल्याने त्या भागाला आडवाटेने येणाऱ्या रक्तावर भागवावे लागते, आणि उभे राहिल्यावर किंवा श्रम झाल्यावर दाब किंचित उतरला की तेवढ्यापुरता पुरवठा तोकडा पडतो. अशा वेळी विरुद्ध बाजूच्या हाताला किंवा पायाला थरथर सुटते. ती पाहून घरचेच काय, डॉक्टरही पुष्कळदा फिट समजतात, त्यामुळे ईईजी काढला गेला याबद्दल कोणाला दोष देऊ नये.

आता आपला पहिला प्रश्न. एमआर अँजिओग्राफी नळी दाखवते, आणि एमआरआय नळीच्या टोकाशी असलेले शेत वाळले आहे की नाही ते दाखवतो. शेत अजून हिरवे असताना त्याला पाणी किती मिळते आणि उन्हाळा लागल्यावर ते पुरेल का, हे या दोन्ही चित्रांवरून सांगता येत नाही. पुणेकराला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. खडकवासल्याहून येणारी मुख्य जलवाहिनी दुरुस्तीसाठी बंद ठेवली म्हणून गावातला प्रत्येक नळ कोरडा पडत नाही. दुसऱ्या वाहिनीतून पाणी वळवले जाते आणि ‘कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ अशी सूचना वर्तमानपत्रात येते. मेंदूच्या तळाशी अशी वळवावळव करणारी रक्तवाहिन्यांची एक कडी आहे. थॉमस विलिस या इंग्लिश वैद्याने १६६४ साली तिचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तिला विलिसचे वर्तुळ म्हणतात. उजवी वाहिनी बंद झाली तरी डावीकडून आणि मागून येणारे रक्त या कडीतून उजवीकडे जाऊ शकते. अनेक माणसांत ही कडी जन्मतःच अपुरी असते, म्हणून एकाला पूर्ण बंद वाहिनीचा पत्ताही लागत नाही आणि दुसऱ्याची अर्धी बाजू जाते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. सर्वसाधारणपणे मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते साधारण २० च्या खाली गेले की पेशी काम थांबवतात, मात्र लगेच मरत नाहीत. १० च्या आसपास आले की त्या थोड्याच वेळात मरू लागतात. दाब उतरू लागला तर हा प्रवाह टिकवण्यासाठी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या आपण होऊन रुंदावतात. अण्णांच्या उजव्या बाजूला बहुधा हेच चालले आहे. म्हणून विश्रांतीच्या वेळी काढलेले प्रवाहाचे चित्रही कदाचित जवळजवळ ठीक दिसेल, परंतु त्या वाहिन्या आधीच पूर्ण रुंदावलेल्या असतील तर त्यांच्या गाठीशी शिल्लक काहीच उरलेली नसते. ही शिल्लक मोजण्यासाठी ही तपासणी आहे. आमच्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या भाषेत तिला ‘रिझर्व्ह’ म्हणतात.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. काचबिंदूसाठी दिले जाणारे जुने औषध. ते शिरेतून साधारण १ ग्रॅम दिले की मेंदूत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढते आणि निरोगी रक्तवाहिन्या रुंदावून प्रवाह साधारण २० ते ४० टक्क्यांनी वाढतो. ज्या वाहिन्या आधीच ताणून रुंदावलेल्या आहेत त्यांना आणखी रुंदावता येत नाही. त्यामुळे डावा मेंदू उजळतो आणि उजवा तेवढाच राहतो. क्वचित तो आधीपेक्षाही फिका पडतो, कारण वाढलेल्या मागणीने शेजारचे भाग त्याच्या वाट्याचे रक्त ओढून घेतात. इमारतीतल्या खालच्या मजल्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावरच्या बादलीत जे होते, तेच इथे होते. औषधाविना आणि औषधासह अशी दोन चित्रे शेजारी ठेवून तुलना करायची असते, म्हणून इंजेक्शने दोन, आणि बहुतेक ठिकाणी फेऱ्याही दोन.

चित्र कसे निघते ते थोडे सांगतो, कारण ‘न्यूक्लिअर’ या शब्दाने घरोघर जी भीती पसरते तिचा मी नोकरीभर साक्षी आहे. इंजेक्शनात टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य एचएमपीएओ किंवा ईसीडी नावाच्या वाहकाला जोडलेले असते. हा वाहक रक्तातून मेंदूत शिरतो, पेशीत जाऊन त्याचे रूप बदलते आणि त्याला बाहेर पडता येत नाही. जिथे रक्त जास्त गेले तिथे तो जास्त अडकतो, जिथे कमी गेले तिथे कमी. परिणामी कॅमेऱ्याखाली तासाभराने झोपवले तरी चित्र उमटते ते इंजेक्शनाच्या क्षणाचे. त्यासाठी इंजेक्शनापूर्वी काही मिनिटे अण्णांना शांत, मंद उजेडाच्या खोलीत निजवून ठेवतील आणि बोलू देणार नाहीत. बोलण्याने आणि झगझगीत उजेडाने मेंदूच्या त्या त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो आणि तोच चित्रात उतरतो. सेवाभावाने त्या वेळी ‘अण्णा, बरं वाटतंय ना?’ असे विचारत राहणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिले आहेत. आपण कृपया बाहेर बसावे. गॅमा कॅमेऱ्याच्या थाळ्या डोक्याभोवती जवळून फिरतात, पण एमआरआयसारखे बोगद्यात जावे लागत नाही आणि तो खडखडाटही नसतो.

आता मला जे मुख्यत्वे सांगायचे आहे त्याकडे येतो. कोणतीही तपासणी करण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा: उत्तर ‘शिल्लक चांगली’ असे आले तर आपण काय कराल, आणि ‘शिल्लक नाही’ असे आले तर त्याहून वेगळे काय कराल? दोन्ही वेळी गोळ्या त्याच, पथ्य तेच, पुढची भेट तीन महिन्यांनी, असे उत्तर मिळाले, तर ती तपासणी केवळ फायलीची जाडी वाढवील. अण्णांच्या बाबतीत मात्र फरक पडू शकतो, तरी तो आपले दीर समजतात त्या दिशेने नव्हे.

बायपास म्हणजे कानाजवळून कवटीवरच्या त्वचेकडे जाणारी रक्तवाहिनी कवटीला छिद्र पाडून मेंदूवरच्या वाहिनीला जोडणे. कल्पना इतकी सरळ आहे की ती चुकेल असे कोणाला वाटलेच नाही. १९८५ साली १,३७७ रुग्णांवरील मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले आणि शस्त्रक्रियेने पक्षाघात टळत नाही असे दिसले. टीकाकारांचे म्हणणे पडले की रुग्ण निवडतानाच चूक झाली. ज्यांची शिल्लक खरोखर संपली आहे असे रुग्ण वेगळे काढलेच नव्हते. त्यात तथ्य होते. पुढे १९९८ मध्ये सेंट लुईस येथील अभ्यासाने दाखवले की बंद कॅरोटिडच्या बाजूचा मेंदू तुटपुंज्या रक्तातून अधिकाधिक प्राणवायू पिळून घेत असल्याचे पेट स्कॅनवर दिसते, अशा रुग्णांना पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त असतो. मग नेमके असेच रुग्ण पेट स्कॅनने निवडून अमेरिका व कॅनडात ‘कॉस’ नावाची चाचणी झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार १९५ रुग्णांपैकी ज्यांची बायपास झाली त्यांच्यात दोन वर्षांत २१ टक्के आणि केवळ औषधे घेणाऱ्यांत २२.७ टक्के जणांना चाचणीच्या व्याख्येत बसणारा पक्षाघात किंवा मृत्यू ओढवला. हा फरक जवळपास नाहीच. उलट पहिल्या ३० दिवसांत त्या बाजूचा पक्षाघात शस्त्रक्रियेच्या गटात १४.४ टक्क्यांना झाला, तर औषधांच्या गटात २ टक्क्यांना. आपल्या दिरांना हे आकडे अवश्य कळवा. ते अमेरिकेत आहेत आणि चाचणीही तिथलीच आहे. सतत औषधे घेऊनही झटके थांबत नाहीत अशा निवडक रुग्णांसाठी, किंवा मोयामोयासारख्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या वाहिन्या हळूहळू अरुंद होत जाण्याच्या, वेगळ्या आजारात, अनुभवी शल्यविशारद आजही ही शस्त्रक्रिया विचारात घेतात, परंतु ‘करून टाका’ या शब्दांत तिचा निर्णय होऊ नये. मानेतली वाहिनी पूर्ण बंद असल्यामुळे तिथे स्टेंट घालण्याचा विचारही सहसा केला जात नाही.

मग फरक कोणता? पहिला रक्तदाबाचा. पक्षाघाताचा धोका असलेल्या माणसाचा रक्तदाब आटोक्यात ठेवावा हे खरेच आहे. परंतु शिल्लक संपलेल्या मेंदूला एकाएकी उतरलेला दाब सोसत नाही, आणि अण्णांचे दोन झटके पहाटे उठतानाचे आहेत. शिल्लक नाही असे निष्पन्न झाले तर डॉक्टर दाब हळूहळू उतरवतील, गोळ्यांच्या वेळा बदलतील, कदाचित एखादी गोळी कमी करतील. हे त्यांनीच करायचे आहे. आपण आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी तर या तपासणीसाठीही थांबवू नये. दुसरा फरक भूल देण्याच्या वेळचा. उद्या अण्णांच्या गुडघ्याची किंवा प्रोस्टेटची शस्त्रक्रिया निघाली, तर भूलतज्ज्ञासाठी हा अहवाल फार कामाचा ठरेल. तिसरा फरक त्यांच्या चालण्या-फिरण्याचा, त्याविषयी शेवटी लिहितो.

हेच उत्तर किरणोत्साराविना मिळेल का, असेही आपण विचारू शकता, आणि तो प्रश्न रास्त आहे. श्वास रोखून धरायला लावून ट्रान्सक्रेनिअल डॉप्लरने शिल्लक अजमावता येते. ती तपासणी स्वस्त असते, मात्र उतारवयात कानशिलाचे हाड काही जणांत इतके जाड असते की ध्वनिलहरी आत पोहोचत नाहीत. एमआरआयवर रक्तप्रवाह मोजण्याच्या पद्धतीही डायमॉक्ससह वापरता येतात. डॉक्टरांनी स्पेक्टच का निवडला, एवढे विचारून घ्या.

शेजारच्या काकांचा पेट स्कॅन मात्र इथे गैरलागू आहे. गावोगावी जो पेट स्कॅन होतो त्यात एफडीजी ही किरणोत्सारी साखर वापरतात. ती पेशी किती साखर वापरतात ते सांगते, रक्ताची शिल्लक सांगत नाही. रक्तप्रवाह व प्राणवायू मोजणाऱ्या पेट स्कॅनला ऑक्सिजन-१५ लागतो आणि त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा वेळ, जेमतेम २ मिनिटे असते. द्रव्य तयार करणारा सायक्लोट्रॉन भिंतीपलीकडेच हवा, नाही तर ते वाटेतच विझून जाते.

किरणोत्साराचे थोडक्यात सांगतो. एका पूर्ण मात्रेच्या इंजेक्शनामुळे साधारण ६ ते ७ मिलिसीव्हर्ट इतका किरणोत्सार मिळतो. निसर्गातून प्रत्येकाला मिळणाऱ्या किरणोत्साराची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट आहे. म्हणजे एका इंजेक्शनात सुमारे पावणेतीन वर्षांचा वाटा, दोन झाली तर त्याच्या दुप्पट. विशीतल्या मुलीसाठी मी दोनदा विचार करीन. ६९ वर्षांच्या, हात लुळा पडणाऱ्या माणसासाठी ही भीती तपासणी टाळण्याइतकी मोठी नाही.

नणंदबाईंच्या काळजीचे मूळ बहुधा निराळ्या उपचारात आहे. थायरॉइडच्या आजारात मोठ्या मात्रेत किरणोत्सारी आयोडीन देतात, त्याचे अर्धायुष्य ८ दिवस असते, आणि त्या रुग्णांना खरोखर काही दिवस वेगळे ठेवावे लागते. टेक्नेशियमचे अर्धायुष्य ६ तास. २४ तासांत चार वेळा निम्मे होऊन ते सोळाव्या हिश्श्यावर येते, आणि लघवीवाटे जाते ते वेगळेच. त्या दिवशी अण्णांनी भरपूर पाणी प्यावे, शौचालयात दोनदा पाणी सोडावे, हात नीट धुवावेत आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत नणंदबाईंशेजारी फार वेळ लगटून बसू नये. एका घरात, हात-दोन हात अंतरावर राहण्याने काही बिघडत नाही. ताट-वाटी वेगळी करण्याचे कारण नाही. त्यांनी अण्णांना सोबत म्हणून त्या विभागात मात्र जाऊ नये, कारण प्रतीक्षाकक्षात अण्णांसारखे आणखी दहा जण बसलेले असतात.

तारखेपूर्वी फोन करून तीन गोष्टी सांगा. सल्फा औषधांनी कधी अंगावर पुरळ उठले होते का, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार आहे का, आणि शेवटचा झटका कधी आला. कारण ताज्या पक्षाघातानंतर पहिल्या काही दिवसांत डायमॉक्स देत नाहीत. औषध दिल्यावर ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात, डोके थोडे जड होते, आणि लघवीची भावना जोरात होते. साठी उलटलेल्या पुरुषाला स्थिर पडून राहायला सांगण्यापूर्वी प्रसाधनगृहात पाठवायलाच हवे. विसरलात तर तपासणी मध्येच सोडावी लागते. वेळेवर पोहोचा, हेही मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. टेक्नेशियम दररोज सकाळी मॉलिब्डेनमच्या जनरेटरमधून काढतात. जगभर त्या जनरेटरला आमच्या क्षेत्रातले लोक गाय म्हणतात आणि या कामाला दूध काढणे. काही प्रकारचा एचएमपीएओ एकदा कालवला की अर्ध्या तासात टोचावा लागतो. कर्वे रस्त्यावरच्या कोंडीत अडकलेल्या रुग्णासाठी तो थांबत नाही.

अहवाल हाती आल्यावर इंटरनेटवर एकेक शब्द शोधत बसू नका. एक शब्द मात्र आधीच सांगून ठेवतो. डाव्या लहान मेंदूत, म्हणजे सेरेबेलममध्ये, रक्तप्रवाह कमी असल्याचे कदाचित लिहिलेले असेल, आणि ‘आजार उजवीकडे, मग हे डावीकडे नवीन काय?’ असे वाटेल. उजवा मोठा मेंदू मंदावला की त्याच्याशी मज्जातंतूंनी जोडलेला डावा लहान मेंदूही सुस्तावतो आणि त्याचे रक्त कमी होते. तिथली वाहिनी चांगली असते. कॉन्स्टंटिन फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ साली दूरवरच्या अशा परिणामाला डायास्किसिस हे नाव दिले.

यापुढे कधी हाताची थरथर थांबली पण हात लुळाच राहिला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर या तपासणीचा विचारही मनात आणू नये. ती निवांतपणी करण्याची तपासणी आहे. त्या क्षणी १०८ ला फोन करावा, लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवावे आणि सीटी स्कॅन व न्यूरॉलॉजिस्ट चोवीस तास उपलब्ध असलेल्या रुग्णालयात थेट जावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. ‘मागच्या वेळी दोन मिनिटांत बरे झाले होते’ म्हणून वाट पाहण्यात ही वेळ निघून गेलेली मी अनेकदा पाहिली आहे.

राहिली वारी. अण्णांची श्रद्धा मी समजू शकतो, पण या वर्षी आळंदी ते पुणे नको, आणि हे मी अहवालाची वाट न पाहता लिहीत आहे. पहाटेचे उठणे, दिवसभराचे चालणे, घाम, कमी पाणी आणि त्यात सकाळची रक्तदाबाची गोळी, या साऱ्यांची बेरीज पर्वतीच्या पायऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. पालखी पुण्यात मुक्कामाला येतेच. खुर्ची, पाण्याची बाटली आणि सोबतीला घरचे कोणीतरी घेऊन अण्णांनी सावलीत बसून दर्शन घ्यावे. तोवर पहाटे उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसण्याची आणि उशाशी ठेवलेले पाणी पिऊन मगच उभे राहण्याची सवय लावावी.

एक गोष्ट लिहायची राहिली, आणि तीवरूनच घरात सर्वांत मोठा वाद होईल असा माझा अंदाज आहे. कॅफिनने मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून तपासणीपूर्वी २४ तास चहा-कॉफी बंद, आणि दोन दिवस बोलावले असेल तर दोन्ही वेळा. दुसऱ्या दिवशीचे इंजेक्शन टोचून दहा-पंधरा मिनिटे झाली, की चित्र मेंदूत बसलेले असते आणि चहाने त्याचे काही बिघडत नाही. तिथल्या तंत्रज्ञांना विचारून त्याच वेळी थर्मास उघडावा.